कार्डं मी ओवली होती

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आठवण लिहून पाठवा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा दुसरं काही आठवावं लागलं नाही. पंचवीस वर्षं एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, तीच लिहितो.

शाळेचं रौप्यमहोत्सवी वर्ष होतं आणि मी नववी ब मध्ये होतो. सोलापूरची गड्ड्याची जत्रा नुकतीच सरली होती, जानेवारीच्या शेवटी विज्ञान प्रदर्शन होतं. मी जाकार्ड मागाची, म्हणजे भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाची, प्रतिकृती करायला घेतली. सायकलच्या जुन्या तारांचे चोवीस हूक, बुटाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची छत्तीस कार्डं, आणि भोकं पाडायला शेजारच्या चप्पल दुरुस्तीवाल्या काकांकडून मागून आणलेला पंच. कार्डाला जिथे भोक असेल तिथला हूक दोरा वर उचलतो, नसेल तिथला दोरा खाली राहतो. मधल्या फटीतून आडवा दोरा नेणारा धोटा गेला की नक्षीची एक ओळ तयार. एका ओळीला एक कार्ड. छत्तीस कार्डांची माळ एकदा पूर्ण फिरली की कापडावर ‘२५’ हा आकडा उमटणार होता. शाळेची पंचवीस वर्षं शाळेतल्या मुलानं विणून दाखवायची, ही कल्पना माझी स्वतःची होती आणि तिचा मला फार अभिमान होता.

आमच्या घरात माग नवा नव्हता. आजोबा १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलमध्ये होते. माझे वडील, आप्पा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या मागांवर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. फणी, धोटा, हूक, कार्डांची माळ, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. शेडमधले बहुतेक विणकर तेलुगू बोलणारे, त्यामुळे आप्पांची तेलुगूही चांगली झाली होती. शाळा मात्र चौथीपर्यंतच. रात्रपाळी करून सकाळी यायचे तेव्हा भुवयांवर कापसाची पांढरी लव असायची.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी ते माझ्या शेजारी येऊन बसले. कार्डं हातात घेऊन बघितली. म्हणाले, “सगळ्या कार्डांचा एकच कोपरा काप. कुठलं उलटं लागलं तर हाताला कळतं. आणि पाहुणे यायच्या आधी माळ एकदा पूर्ण फिरवून बघ. वीतभर कापड निघू दे.” थोडं थांबून म्हणाले, “चादरीत मोर उलटा झाला तरी मोरच राहतो रे. आकडा उलटा झाला की कुणालाही कळतंय.”

खरं तर यात चादरीचं सगळं मर्म होतं. आपल्या सोलापुरी चादरीत एका बाजूला जो रंग जमिनीचा, तोच दुसऱ्या बाजूला नक्षीचा. फुलं, मोर दोन्हीकडून शोभतात. अक्षर मात्र एकाच बाजूनं सुलट वाचता येतं. तीस वर्षं मागापुढे उभं राहिलेला माणूस मला हे सांगत होता. मी वाचनालयातून नुकतंच वाचून आलो होतो की जाकार्डनं हा माग फ्रान्समध्ये १८०४ साली तयार केला आणि त्याच भोकांच्या कार्डांवरून बॅबेजनं आपल्या गणनयंत्राची कल्पना मांडली. मी विचारलं, “आप्पा, जाकार्ड कोण होता, माहीत आहे का तुम्हाला?”

“नाही बा.”

“मग राहू द्या.”

आई पलीकडे विड्या वळत होती. तिचे हात थांबले. आप्पा काही बोलले नाहीत, कार्डं होती तशी रचून ठेवली आणि अंघोळीला गेले.

मी कोपरे कापले नाहीत. माळही फिरवून बघितली नाही, कारण पहिला धोटा पाहुण्यांसमोरच टाकायचा असं मी ठरवलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी माझ्या टेबलाभोवती बरीच गर्दी होती. पाहुणे, मुख्याध्यापक, विज्ञानाचे सर. मी १८०४ पासून सुरुवात करून सगळं घडाघडा सांगितलं आणि विणायला लागलो. निम्मं कापड झालं तेव्हा पुढची मुलं कुजबुजू लागली. डावीकडे पाच येत होता, तोही उलट्या तोंडाचा, आणि उजवीकडे आरशात दिसावा तसा दोन. कार्डांवरचे क्रमांक मी मागच्या बाजूला लिहिले होते, आणि ओवताना ते दिसावेत म्हणून तीच बाजू वर ठेवली होती. छत्तीसच्या छत्तीस कार्डं पालथी.

सरांनी हळूच विचारलं, “काय झालं रे?”

मी म्हणालो, “सर, कार्डं आमच्या आप्पांनी लावली होती.”

आप्पा दाराशी उभे होते हे मला माहीत नव्हतं. रात्रपाळी करून न झोपता ते तसेच आले होते. त्यांनी ऐकलं. पुढे येऊन सरांना हात जोडले आणि म्हणाले, “हो सर, गडबडीत माझ्याकडून झालं असेल.” मग माळ उतरवली, आतली बाजू बाहेर करून परत चढवली. दोन मिनिटंही लागली नाहीत. “फिरव आता,” म्हणाले. त्याच कापडावर, उलट्या आकड्याच्या पुढे, सुलट २५ उमटला. टाळ्या वाजल्या. बक्षीसही मिळालं. एका पाहुण्यांनी जाताना आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “तुमच्या चुकीनं पोराचं नुकसान झालं असतं बघा.” आप्पा नुसते मान हलवत राहिले.

घरी जाताना ते सायकल हातात धरून चालत होते, मी शेजारी. मला माफी मागायची होती, पण जीभ उचलली नाही. कन्ना चौकापाशी त्यांनी भजी घेऊन दिली. त्या दिवसाबद्दल ते तेव्हाही काही बोलले नाहीत आणि नंतरही कधी नाही.

त्या मे महिन्यात मी आपणहून त्यांच्याबरोबर शेडमध्ये जायला लागलो. मागांच्या खडखडाटात ऐकू काही येत नाही, म्हणून ते माझा हात धरून कापडावरून फिरवायचे. तुटलेला दोरा बोटाला आधी लागतो, डोळ्याला नंतर दिसतो, हे तिथे कळलं. पुढे मी याच धंद्यात आलो. आज टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन करतो. पुठ्ठ्याची कार्डं गेली, नक्षी संगणकावरून थेट मागाला जाते. तरी नवं डिझाइन आलं की मी आधी वीतभर विणून घेतो, आणि ते कापड संध्याकाळी आप्पांच्या हातात देतो. आता त्यांना कमी दिसतं. ते उलट्या बाजूनं बोटं फिरवतात आणि सांगतात, इथे ताण जास्त आहे.

ती रौप्यमहोत्सवी पट्टी गेल्या दिवाळीत आईच्या पेटीत सापडली. रेशनकार्डाच्या घडीत आप्पांनी जपून ठेवली होती. त्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून ते वाक्य उच्चारलं, जे सरांसमोर बोलायला हवं होतं. ते म्हणाले, “मला काय माहीत नव्हतं का?”

पट्टी या लेखाबरोबर शाळेकडे पाठवत आहे. सुवर्णमहोत्सवी प्रदर्शनात ती मांडणार असाल तर एक विनंती आहे. वरचा उलटा आकडा दुमडू नका, पट्टी अख्खी दिसू द्या. आणि खाली जी चिठ्ठी लावाल तिच्यावर एवढं लिहा: कार्डं ओवली, नववी ब मधल्या मुलानं. माळ सुलट केली, त्याच्या वडिलांनी.