व्ही-क्रॉस विकू की ठेवू?

जुनी पिकअप देऊन नवी घ्यावी म्हणून चौकशी केली. एक्स्चेंजचा आकडा ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात नव्या गाडीचा टॅक्स आणि इन्शुरन्स भागेल, झालं!"

माझी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप २०१७ ची, अडीच लिटर डिझेल, बीएस-४, म्हणजे जुन्या प्रदूषण-निकषाची. नव्या व्ही-क्रॉसचं इंजिन १.९ लिटरचं, तरी ताकद १६३ पीएस, माझ्या गाडीपेक्षा जास्तच. टोयोटाची हायलक्स तर २.८ लिटर, २०४ पीएस. भरल्या हौद्याने चोर्ला घाट चढताना मोह होतो, नाही असं नाही.

पण घाट चढतो कितीदा? माझं काम इथे गोव्यात, कुळागरातून (पोफळीच्या बागेतून) वाळपई बाजार आणि परत. काजूच्या हंगामात बोंडू, एरवी सुपारीची पोती, शेणखत. इंजिन धड तापतही नाही. नव्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी मधूनमधून सलग, बऱ्या वेगात पळावी लागते. रखडत्या फेऱ्यांत तो तुंबतो. मग काय, फिल्टर साफ करायला रिकामी गाडी फोंड्यापर्यंत पळवू? डिझेल कोण देणार?

खरी धास्ती गंजाची. आमच्या सत्तरी तालुक्याचा पाऊस लोखंड सोडत नाही. मेस्त्रीने खाली शिरून हातोडीने ठोकून पाहिलं: चेसिस शाबूत, हौद्याच्या तळाला मात्र पापुद्रे. चेसिस गेली असती तर दुसऱ्याच दिवशी विकली असती.

खासगी नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०३२ पर्यंत. तेव्हा ठेवतोय. गणेश चवथीआधी हौद्याला नवा पत्रा, खालून अँटी-रस्ट, चार टायर.

मुलाला ऑटोमॅटिक हवी होती. हप्ते तो भरणार असेल तर पुन्हा बोलू.