लाईट येताना

"भाऊ, यूपीएस कोनता घेऊ?" लाईट गेली तरी कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा म्हणजे यूपीएस. महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो. कधी बारावी झालेल्या पोराचा बाप विचारतो, कधी घरी बसून ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या वहिनी. दारव्ह्याच्या बाजारात वांगी निवडतानासुद्धा एकाने गाठून विचारलं. माझा डेस्कटॉप आमच्या गावात सात वर्षं टिकला, एवढ्यावर मी जाणकार ठरलोय. त्याच्या आधीचा माझ्या डोळ्यांदेखत जळाला, हे मात्र मी सहसा सांगत नाही. आज सांगतो.

मृग नुकताच लागला होता. पाऊस नाही, नुसती वावधन सुटलेली. संध्याकाळी लाईन गेली आणि दहा मिनिटांनी आली. आली ती अशी, की बल्ब पांढराशुभ्र, पंखा भिंगरीसारखा. उन्हाळाभर डिम लाईटीत काढलेला माणूस मी, मला आनंदच झाला. म्हटलं, चला, आज फुल्ल लाईट! तेवढ्यात टेबलाखाली यूपीएसमध्ये 'फट्' झालं, आणि पाठोपाठ कॅबिनेटच्या मागून करपलेल्या प्लास्टिकचा वास आला. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडत होत्या, "आमच्या इथं तं बल्ब निखाऱ्यावानी हाये, तुमच्याकडं कायची एवढी लाईट?"

दुसऱ्या दिवशी लाईनमन खांबावर चढला तेव्हा कळलं, न्यूट्रलची तार तुटली होती.

डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज म्हणजे विजेच्या तीन तारा निघतात. आपल्या घरात एक फेज आणि न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची तार, येतो, त्यांच्यात 230 व्होल्ट. दोन फेजच्या मध्ये मात्र 400 असतात. न्यूट्रल तुटला की दोन वेगळ्या फेजवरची दोन घरं त्या 400 व्होल्टला एकामागे एक लटकतात आणि वाटणी लोडप्रमाणे होते: ज्याचा लोड जास्त त्याला व्होल्टेज कमी, ज्याचा कमी त्याला जास्त. काकूंकडे कूलर, फ्रीज, पाण्याची मोटर. माझ्याकडे एक बल्ब, एक पंखा आणि कॉम्प्युटर. बिल वाचवणाऱ्याचंच घर जळायचं, असा हा न्याय.

मग यूपीएस कशाला असतो? लाईट जाते त्या वेळेसाठी. 600 व्हीएचा साधा यूपीएस नवा असताना डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो. तेवढ्यात फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायची, सिनेमा पुरा करायचा नाही. आतली बॅटरी 12 व्होल्ट, 7 एएच. तिचा वैरी आपला उन्हाळा. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या खोलीत काय असतं ते तुम्हीच जाणता. म्हणून यूपीएस कूलरच्या वाऱ्यात ठेवा, पाण्याच्या शिंतोड्यात नको. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. तो तापताना एवढा करंट ओढतो की यूपीएस बसतो.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघा. दुसऱ्या मोडवर पंखा फिरतच राहतो, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो.

पण मशीन मरते ती लाईट येताना. यूपीएसमध्ये किंवा स्पाइक गार्डमध्ये एमओव्ही नावाची चकती असते. ती क्षणभराचा झटका गिळते. मिनिटामागून मिनिट तीनशे-साडेतीनशे व्होल्ट येत राहिले तर तीच आधी फुटते. माझ्याकडचं 'फट्' ते होतं. त्यावर उपाय हाय-लो व्होल्टेज कट-ऑफ. मीटरनंतर बोर्डात बसतो, व्होल्टेज ठरवलेल्या हद्दीबाहेर गेलं की तोडतो, आणि लाईट परत आली तरी थोडा वेळ थांबून, ती स्थिरावली की मगच जोडतो. हा नसेल तर लाईन गेल्या गेल्या प्लग काढायचा आणि आल्यावर पाच मिनिटं बल्बकडे बघत बसायचं. फुकटचा कट-ऑफ.

आता जे कोणी विचारतच नाही ते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? "थोडा करंट असतेच" म्हणून सोडून देऊ नका. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, त्यातले फिल्टर पत्र्यावर थोडी वीज आणतात, ती अर्थच्या तारेने जमिनीत जायची असते. वाट नसेल तर पत्रा शंभरेक व्होल्टवर तरंगत राहतो. बोर्डात प्लग बसत नाही म्हणून अर्थची जाडी पिन कापणारे बहाद्दर मी पाहिलेत. त्याहून वाईट म्हणजे मीठ-कोळसा घालून अर्थचा पाइप पुरायचा खड्डा खोदायचा कंटाळा म्हणून न्यूट्रललाच अर्थ जोडून देणारे वायरमन. खांबावरचा न्यूट्रल तुटला की मग कॅबिनेटच फेज होतो.

आपली काळी माती ओली असली की अर्थिंग चांगली धरते. पण एप्रिलमध्ये तिला हातहात भेगा पडतात, माती पाइपपासून सुटते आणि अर्थिंग नावालाच उरते. कूलर धुताना टाकीतलं उरलेलं पाणी आमच्याकडे थेट अर्थिंगच्या खड्ड्यात जातं. ते बायकोचं काम, आणि कल्पनाही तिचीच. सुरुवातीला मी हसलो होतो. वायरमनने मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज दाखवलं: पाणी टाकण्याआधी 19, दुसऱ्या दिवशी 3. तेव्हापासून बादली मीही उचलतो.

विजेच्या कडकडाटात यातलं काहीच कामाचं नाही. प्लग काढा, डिशची आणि नेटची तांब्याची वायरही काढा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर असू द्या, आसपास वीज पडत असली की ते कळवतं.

परवा हे सगळं एका पोराला अर्धा तास सांगितलं. तो नवा यूपीएस घ्यायला निघाला होता. रात्री त्याचा फोन आला, "काकाजी, खड्ड्यात मीठ खडं टाकाचं का बारीक?"

खडं. आणि कोळसा लाकडाचा.