भाताचा डीएनए वाचणारा जिवाणू

भातावरील कडा करपा या रोगाचे नाव ऐकले की पान जाळणारे एखादे विष माझ्या डोळ्यांसमोर येत असे. हा रोग घडवणाऱ्या झान्थोमोनास ओरायझी या जिवाणूच्या जनुकांविषयी वाचू लागल्यावर ती कल्पना मागे पडली. पानाच्या कडेवरील जलरंध्रांतून किंवा जखमांतून आत शिरलेला हा जिवाणू जलवाहिन्यांमध्ये वाढतो आणि एचआरपी नावाच्या जनुकसमूहाने उभारलेल्या सुईसारख्या यंत्रणेतून आपली प्रथिने थेट भाताच्या पेशींत सोडतो. ही जनुके निकामी केली, तर जिवाणू जगतो. रोग मात्र घडवू शकत नाही.

या प्रथिनांतील टाल नावाचा गट विलक्षण आहे. ती पेशीकेंद्रकात शिरून भाताच्या डीएनएवर ठरावीक जागी बसतात आणि तेथील जनुक चालू करतात. प्रत्येक प्रथिनात साधारण 34 अमिनो आम्लांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तुकड्यातुकड्यांत फरक असतो तो मुख्यतः 12 व्या आणि 13 व्या स्थानी, आणि डीएनएचे कोणते अक्षर ओळखायचे, हे ती जोडीच ठरवते. ही लिपी 2009 मध्ये दोन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे उलगडली. जिवाणूच्या पीएक्सओ99ए या वाणात टाल प्रथिनांची 19 जनुके आहेत. तरीही त्यांपैकी पीटीएचएक्सओ1 हे एकटे निकामी केले, तरी रोगाची तीव्रता बरीच घटते. हे जनुक भाताचे स्वीट11 हे जनुक चालू करते, आणि स्वीट11 चे काम पेशीतील साखर बाहेर सोडण्याचे. म्हणजे जिवाणूचे पोट भरण्याची सोय भाताच्याच जनुकाकडून करवून घेतली जाते.

भातातील एक्सए13 ला सरसकट ‘प्रतिकारक जनुक’ म्हणतात, ते मला थोडे फसवे वाटते. ते स्वीट11 चेच रूप आहे. फक्त त्याच्या आधीचा नियामक भाग बदललेला असल्याने जिवाणूच्या प्रथिनाला तेथे बसता येत नाही. जनुकाच्या दोन्ही प्रती अशा बदललेल्या असाव्या लागतात, कारण एक मूळ प्रत उरली, तरी जिवाणूला ती पुरते. आणि जिवाणूचे दुसरे काही वाण एव्हीआरएक्सए7 हे प्रथिन वापरून स्वीट11 ऐवजी स्वीट14 चालू करतात, तेव्हा एक्सए13 चा काहीच उपयोग होत नाही. म्हणूनच 2019 मध्ये संशोधकांनी क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राच्या साहाय्याने स्वीट11, 13 आणि 14 या तिन्ही जनुकांचे नियामक भाग एकाच वेळी बदलून पाहिले, आणि अशा भाताला जिवाणूच्या अनेक वाणांविरुद्ध प्रतिकारक्षमता मिळाली.