कुम्मिन घेतलंत? मग ते जिरं नाही

स्वीडनला नवीन येणाऱ्या आपल्या लोकांना कुणीतरी आधीच सांगून ठेवायला हवं, की दुकानात 'कुम्मिन' लिहिलेली पुडी दिसली तर उचलू नका. डोक्यात इंग्रजीतलं क्युमिन असतं, दाणेही तसेच बारीक, तपकिरी, रेघा असलेले, आणि मग वरणाला फोडणी दिली की घरभर बेकरीतल्या राय ब्रेडचा वास. ते असतं कॅरवे, म्हणजे विलायती जिरं, काही जण त्यालाच शहाजिरं पण म्हणतात (आपल्याकडेही गोंधळ काही कमी नाही, कडू जिरं तर जिऱ्याच्या कुळातलंसुद्धा नाही). खरं जिरं हवं तर 'स्पिसकुम्मिन' शोधायचं.

आता हा शब्द मुळात आपल्या जिऱ्याचाच बरं का. ग्रीक क्युमिनॉन, त्याचं लॅटिन कुमिनुम, आणि तिथून तो वर उत्तरेत गेला, पण तिकडच्या थंडीत जिरं कुठलं पिकायला, कॅरवे मात्र कुरणात आपोआप उगवतं, मग नाव त्यालाच चिकटलं आणि खऱ्या जिऱ्याला मागे विशेषण लावून फिरावं लागतंय. डेन्मार्कमधे तेच, कॅरवे म्हणजे 'कोमन' आणि जिरं 'स्पिसकोमन'. हे स्पिस म्हणजे टोकदार. स्वीडिशमधे स्पिस म्हणजे शेगडी, त्यामुळे तिथे ते 'शेगडीवरचं जिरं' वाटतं, पण तसं काही नाही.

मला विचाराल तर त्यातल्या त्यात शहाणे नॉर्वेवाले. त्यांनी कॅरवेला 'कार्वे' हे वेगळंच नाव ठेवलंय, सावरक्राउटसारखी कोबीची भाजी करतात त्यात घालतात, आणि आक्वावीत या दारूतही. पण जिऱ्याला तेही 'स्पिसकुम्मेन'च म्हणतात, म्हणजे टोकदार, आता कोणापेक्षा टोकदार ते विचारू नका, कारण बिनटोकाचं कुम्मेन रोजच्या बोलण्यात उरलेलंच नाही!

आइसलँडमधे कॅरवे 'कूमेन' आणि जिरं 'ब्रॉडकूमेन', परत टोकच. तिथे रेक्याविकजवळ विडे नावाचं बेट आहे, अठराव्या शतकात स्कूली मॅग्नुसन या अधिकाऱ्याने तिथे कॅरवे लावलं ते आता रानोमाळ पसरलंय आणि उन्हाळा संपताना लोक पिशव्या घेऊन तोडायला जातात.

आणि हो, स्वीडनमधे 'स्वार्टकुम्मिन' पण मिळतं, शब्दशः काळं जिरं. ती आपली कलौंजी. नानवर टाकायला घेऊन ठेवा.