कोऱ्या कापडाची गोधडी

माझं दुकान गोधडीच्या कापडाचं आहे, असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. पुण्यात प्रश्न मनात ठेवायची पद्धत नसल्यामुळे तो लगेच विचारलाही जातो. एका आजोबांनी पाटी वाचून पायरीवरूनच विचारलं, "म्हणजे आधी नवं कापड विकत घ्यायचं, मग ते कापायचं, आणि मग परत जोडायचं?" मी हो म्हटलं. "आणि लोक त्याचे पैसे देतात?" त्यालाही हो म्हटलं. "चालू द्या," म्हणाले आणि काठी टेकत पुढे गेले.

त्यांचं काय चुकलं? पैसे न पडणं हाच तर गोधडीचा मूळ गुण. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर लांबीचं कापड. धुऊन धुऊन ते विरलं, जागोजागी जीर्ण झालं की त्याची चौघडी घालायची. दोन मीटर लांबीचे चार थर झाले, म्हणजे एका माणसाच्या अंथरुणाची सोय झाली. आत विटकं धोतर, बाह्या गेलेला सदरा, पोरींचे आखूड झालेले परकर, घरात जे असेल ते. वरून धावदोरा. बाजारातून आणायचं ते फक्त सुई आणि रीळ, आणि सुईसुद्धा शेजारणीकडून मिळाली तर उत्तम.

ऊब यायची तीही या जुनेपणातूनच. वर्षानुवर्षं धुतलेल्या कापडातली खळ केव्हाच निघून गेलेली असते. जितकं आटायचं तितकं ते आटलेलं असतं. सुताचा ताठा जातो, अंगावर बारीक लव येते. असे सात-आठ थर एकावर एक बसले की त्यांच्यामध्ये हवा अडकते, आणि आपण खरं तर ती हवाच पांघरतो. तान्ह्या बाळाला कोरं कापड घालू नये, आधी जुनेर घालावं, असं घरातल्या बायका सांगत, ते उगाच नाही.

आता माझी कपाटं बघा. सगळं कोरं करकरीत. इचलकरंजीचं कँब्रिक, पॉपलिन, राजस्थानातलं बगरूच्या छापाचं सुती, अस्तरासाठी मांजरपाट. नवा माल आला की दोन-चार दिवस दुकानभर खळीचा वास भरून राहतो. मला तो फार आवडतो. तागा काउंटरवर टाकून उलगडायला लागलं की धप्‌ धप्‌ आवाज होतो आणि गिऱ्हाईक हातातला मोबाइल खाली ठेवतं. त्या आवाजाने माझी जितकी विक्री झाली असेल तितकी माझ्या बोलण्याने खचित झालेली नाही. पण गंमत अशी की त्या ताग्याचं नवेपण विकून झालं की पुढचा अर्धा तास मी ते घालवायचं कसं हे समजावत बसते. घरी गेल्यावर आधी साध्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. मग धुवा. मग पुन्हा धुवा. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज आटतं. ते शिवायच्या आधी आटलं तर बरं, शिवल्यावर आटलं तर गोधडीच्या सुरकुत्या आणि माझं नाव दोन्ही कायमचं राहतं. लाल आणि गडद निळ्याचा एक कोपरा भिजवून पांढऱ्या रुमालावर घासून बघा, रंग कच्चा असेल तर रुमाल सांगेल. गिऱ्हाईक मान डोलावतं, घरी जातं आणि थेट कात्री घेतं.

या सगळ्या नव्यांमध्ये एक कापड जन्मतःच जुनं असतं: अजरख, कच्छचं ठशांनी छापलेलं सुती. नीळ आणि मंजिष्ठेचे रंग चढवताना ते इतक्या वेळा भिजतं, उकळतं, धुतलं जातं, उन्हात वाळतं की माझ्या हातात येईपर्यंत त्याचं निम्मं आयुष्य पाण्यात गेलेलं असतं. हाताला ते लगेच कळतं. ते बनवणाऱ्या खत्री मंडळींचं सगळं तंत्र पाण्यावर अवलंबून. 2001च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडक्याच्या पाण्यात लोह वाढलं, रंग हवे तसे उतरेनात, तेव्हा त्यांच्यातल्या पुष्कळांनी भुजजवळ नवं गाव वसवलं, अजरखपूर. पाण्यासाठी माणसं गाव बदलतात आणि आमची गिऱ्हाइकं बादली भरायचा कंटाळा करतात, असं मी मनात म्हणते. तोंडावर म्हणत नाही, धंदा आहे.

अजरखाच्या उलट खण. गेली काही वर्षं खणाची साथ आली आहे. पर्सला खण, तोरणाला खण, डायरीला खण, तेव्हा गोधडी का मागे राहील? मूळचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण चोळीसाठी विणलेला, त्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, तीसेक इंचच. त्यामुळे डबलबेडच्या गोधडीला खण मागणाऱ्या बाईंना आधी मला गणित घालून दाखवावं लागतं. शिवाय हल्ली बाजारात येणाऱ्या खणात पुष्कळदा पॉलिस्टर असतं. ते आटत नाही. त्याच्या शेजारी हौसेने लावलेलं मलमल मात्र मनसोक्त आटतं. पहिल्या धुण्यानंतर मलमल आखडतं, खण फुगतो, आणि गोधडीवर डोंगर-दऱ्या उठतात. दिसायला कितीही देखणी जोडी असो, पाण्याशी दोघांचं वागणं सारखं असल्याशिवाय मी ती जुळवून देत नाही. यावरून दोन-तीन बायका रागावून गेल्या आहेत. त्यातली एक शेजारच्या दुकानातून खण घेऊन मलमल घ्यायला परत माझ्याकडेच आली. मापाची तऱ्हा आणखी निराळी. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणतात, आमच्याकडे लोक आधी पलंग मोजतात, मग गादीची जाडी, मग नवऱ्याची उंची.

सगळेच काही नवं घ्यायला येत नाहीत. काही जणी बोचकं घेऊन येतात. त्यात आईची किंवा सासूची लुगडी, साड्या असतात. एखादं इरकल, एखादी नारायण पेठ, घरात नेसायच्या विटलेल्या सुती साड्या. बाई त्या एकेक उलगडून दाखवतात. कोणती कधी घेतली, कोणती कोणाच्या लग्नात मिळाली, कोणती आईने कधीच नेसली नाही. इथे मी घड्याळ बघत नाही. शेवटी प्रश्न येतोच, "कापायच्या का हो या?" तेव्हा मी माझ्या धंद्याच्या विरुद्ध सल्ला देते: कापू नका. अख्खी साडी दुमडून वरचा थर करा, काठ कडेला येऊ द्या. जिथे विरली असेल तिथे तिच्याच पदराचा तुकडा ठिगळ म्हणून लावा. माझ्याकडून फक्त पाठीला दोन-अडीच मीटर कापड घ्या. रेशमी असेल तर मात्र मी सरळ सांगते की ती कपाटात राहू द्या, रोज अंगाखाली घेतली तर घडीवर चिरत जाईल.

मला स्वतःला आवडते ती कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी. त्यांची शिलाई कडेपासून सुरू होते आणि फिरत फिरत मध्यावर येते. तुकडे आधी मापात कापून मांडायची भानगड नाही, हाताला येईल तो दुमडून लावत जायचा. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांचं फूल हवंच, नाहीतर कवंदी उघडी-नागडी समजतात. माझ्याकडच्या रंग जुळवण्यात तासन्‌तास घालवणाऱ्या मुलींना मी फोनवर तिचे फोटो दाखवते. "किती गोंधळ आहे यात," असं त्या म्हणतात. म्हणतात खऱ्या, पण फोटो मागून घेतात.

डिसेंबरात परदेशातल्या लेकी-सुना येतात. त्यांची भाषा वेगळी. मी मीटर म्हणते, त्या "फॅट क्वार्टर" मागतात. अठरा इंच गुणिले बावीस इंचांचा तुकडा, घडी करून रिबीन बांधलेला. तिकडच्या दुकानांत तो तसाच मिळतो, 44 इंची पन्ह्याचं अर्धा वार कापड घेऊन ते मधोमध कापलेलं. चोख पद्धत आहे, वाया काही जात नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, अमेरिकेने कटपीसलाही इस्त्री करून टोपी घातली. पण त्याच देशात अलाबामातल्या गीज बेंड नावाच्या गावच्या कृष्णवर्णीय बायका शेतावर घालायच्या जुन्या पँटी आणि शर्ट उसवून गोधड्या शिवत आल्या. गुडघ्याशी फिका पडलेला डेनिम तसाच लावायचा. 2002मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या, 2006मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. न्यू जर्सीहून आलेल्या एका मुलीला मी हे सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि बगरूचे फॅट क्वार्टर बांधून घेतले. रिबिनीसकट.

हिशोबाच्या वहीत मात्र ऊबबीब काही नसते. कापडावर जीएसटी पाच टक्के. तीच कापडं जोडून गोधडी झाली आणि तिची किंमत अडीच हजारांच्या वर गेली की सप्टेंबर 2025पासून अठरा. हाताने शिवलेली मोठी गोधडी अडीच हजारांत बसवायची तर शिवणाऱ्या बाईच्या हातात काय ठेवायचं? म्हणून मी तयार गोधड्या फार ठेवत नाही. कापड देते, आणि हवं असेल त्याला शिवणाऱ्या मावशींचा पत्ता देते. मावशी सासवड रस्त्याकडून बसने येतात, महिन्यातून एखाद-दोनदा. दाट टाका, बोटाएवढं अंतर, फूटपट्टी न लावता सरळ ओळ. त्यांच्यासमोर मी नवं कापड काढलं की त्या ते चुरगाळून बघतात आणि काहीही न बोलता बाजूला ठेवतात किंवा मांडीवर घेतात. माझी खरेदी चांगली झाली की वाईट, ते मला तेव्हा कळतं.

मागच्या खेपेला कापडवाल्याने एक वेगळाच तागा आणला. "ताई, यात जोडाजोडीच नको. सगळं छापूनच आलंय." खरंच, एकाच सलग कापडावर चौकोनी तुकडे छापले होते: एक फुलांचा, एक ठिपक्यांचा, एक इरकली काठाचा. त्यावर पांढऱ्या रेघांनी धावदोरासुद्धा छापलेला. मी नको म्हटलं. तो "ठेवून तर बघा" म्हणून ठेवून गेला. मी तागा सगळ्यात खालच्या फळीवर टाकला, तर त्याच संध्याकाळी एका बाईंनी वाकून नेमका तोच ओढला. "अय्या, किती छान! अगदी हाताने केल्यासारखं. हेच द्या, आणि शिवूनही हवीय."

मावशी आल्या तेव्हा मी ते कापड त्यांच्यासमोर पसरलं. त्यांनी चष्मा लावला, छापलेल्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"टाका यांच्यावरनंच घालू का मधनं?"

"मधनं घाला," मी म्हटलं.

"पण ह्यांचे टाके वाकडेतिकडे हायत की. मुद्दाम काढल्यात. माझे सरळ येत्यात, शेजारी बरं दिसंल का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या बाईंनी गोधडी नेली, खूश झाल्या, बहिणीला दाखवली. त्या छापाचा दुसरा तागा मंगळवारी येतोय.