सुटलेल्या आरोपींची निकालपत्रे अभ्यासक्रमात हवीत

सत्र न्यायालयात सरकारी वकील असताना चालवलेला एक खून खटला मला अजून विसरता आलेला नाही. आरोपीने काढून दिलेल्या कुऱ्हाडीचा जप्ती पंचनामा सुवाच्य होता, पंचांच्या सह्या होत्या, लाखेची मोहोरही होती. पण पंचनाम्यात लिहिलेल्या वेळेला तपासी अंमलदार दुसऱ्या गावी यात्रेच्या बंदोबस्तावर असल्याची नोंद त्यांच्याच ठाण्याच्या दैनंदिनीत निघाली. संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटला. तो निकाल त्या अधिकाऱ्यांपर्यंत कधी पोहोचलाच नाही, कारण तोवर त्यांची बदली झाली होती.

आपण हरलेला खटला का हरलो, हे ज्याला कळत नाही तो पुढच्या गुन्ह्यात तीच चूक करणार, हे उघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या निकालात नेमके हेच सांगितले. अहमदाबादमधील सहा वर्षांच्या मुलीवरील बलात्कार आणि खुनाच्या त्या प्रकरणात महत्त्वाचे साक्षीदार न्यायालयासमोर आणलेच गेले नव्हते, डीएनए तपासणीही झाली नव्हती, आणि निर्दोष सुटका कायम करण्यावाचून न्यायालयापुढे मार्ग उरला नाही. त्या वेळी न्यायालयाने सर्व राज्यांच्या गृह विभागांना आदेश दिला की, निर्दोष सुटकेच्या प्रत्येक निकालाची छाननी करावी आणि त्यातून दिसणाऱ्या त्रुटींवर तपास अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम उभारावा. माझ्या मते तपासाच्या प्रशिक्षणाविषयी यापेक्षा शहाणपणाची सूचना आपल्याकडे झालेली नाही.

आता तर तिची गरज वाढली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे, आणि सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूदही केली आहे. मात्र चित्रीकरण करणे वेगळे आणि ते न्यायालयात टिकवणे वेगळे. जालना मतदारसंघाच्या निवडणूक याचिकेतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ उपकरणच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र असलेच पाहिजे. नव्या साक्ष अधिनियमातील प्रमाणपत्रात हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमध्ये काही बदल झाला तर लगेच बदलणारा तिचा सांकेतिक ठसाही, नमूद करावा लागतो. ते मूल्य काढायचे केव्हा, प्रमाणपत्रावर सही कोणाची, मधल्या काळात चित्रीकरणाचा मोबाइल कोणाच्या ताब्यात होता, हे व्याख्यान ऐकून अंगवळणी पडत नाही.

म्हणून प्रशिक्षणार्थी उपनिरीक्षकांपुढे बोलण्याची संधी मिळते तेव्हा मी कलमे सांगत बसत नाही. नावे काढून टाकलेला एक जुना पंचनामा त्यांच्या हाती देतो आणि अर्ध्या वर्गाला बचाव पक्षाचे वकील होऊन उलटतपासणी घ्यायला सांगतो. मोहोर कोणी लावली, मुद्देमाल कारकुनाकडे वस्तू कोणत्या तारखेला जमा झाली, प्रयोगशाळेत ती किती दिवसांनी पोहोचली, मधले दिवस ती कुठे होती, असे प्रश्न ती मुले इतक्या निर्दयपणे विचारतात की पंचनामा लिहिणाऱ्याच्या जागी बसवलेला त्यांचा सहकारी घामाघूम होतो. त्या घामाची आठवण त्याला पुढे घटनास्थळी उपयोगी पडेल, असा माझा विश्वास आहे.

तरीही एक गोष्ट वर्गात सुटत नाही. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची यंत्रणा वेगळी करा, असे पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच सांगितले होते. नाशिकच्या प्रबोधिनीतून शिकून बाहेर पडलेला उपनिरीक्षक ठाण्यात रुजू होतो, त्याच्याकडे खुनाचा तपास येतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याला मिरवणुकीच्या बंदोबस्तावर उभे राहावे लागते. माझ्या खटल्यातल्या त्या अधिकाऱ्यांचेही तेच झाले होते.