मनी मला ओळखते

मनीने, आमच्या आजारी डिस्कस माशाने, आज खाल्लं.

खरं तर इथेच वही मिटायला हवी. गोठवलेल्या ब्लडवर्मचा, म्हणजे माशांच्या खाऊतल्या लाल अळ्यांचा, नखाएवढा तुकडा. आधी नुसता तोंडात धरला, मला वाटलं नेहमीसारखी थुंकणार. थुंकलाही. पण मागे वळून पुन्हा उचलला, दोनदा तोंडात फिरवला आणि गिळला. मग पुढे येऊन आणखी मागितला. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. आणि मी ओट्यापाशी कांदा चिरत नसताना डोळे पुसत होते, तेही आनंदाने नाही.

कारण खाल्लं ते सुधीरच्या हातून.

लिहितानाही किती कोतं वाटतंय. मासा वाचला, हे महत्त्वाचं की कोणाच्या हातून खाल्लं ते? कोणीही सांगेल. मीही दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं. पण दुपारपासून तेच तेच मनात घोळतंय. मी टाकीपाशी गेले की मनी काळी पडते. अक्षरशः. तिच्या अंगावर नऊ उभे पट्टे आहेत. ती खुशीत असली की ते पार विरून जातात, मग नुसती तांबडी-निळी नक्षी दिसते. बिथरली की तेच पट्टे कोळशाने ओढल्यासारखे उमटतात. मी खोलीच्या दारात दिसले की उमटतात. आधी डोळ्यातून जाणारा, मग बाकीचे. ती फिल्टरच्या मागे जाते, तोंड भिंतीकडे करते, आणि मी तिथून हलेपर्यंत बाहेर येत नाही.

सुधीर ऑफिसमधून येतो, पायमोजेही न काढता काचेवर टकटक करतो (वाजवू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं असेल!) आणि बाईसाहेब बाहेर. पट्टे गायब.

ह्या माणसाने तिच्यासाठी काय केलंय? विचारतेच. काय केलंय?

जुलैतल्या त्या रात्री वीज गेली ती सकाळीच आली. टाकीचं पाणी २९ अंशांवरून २५ वर उतरलं होतं. आपल्याला चार अंशांचं काही वाटत नाही. डिस्कस मूळचे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले, कोमट, मऊ, जरा आंबटाकडे झुकलेल्या पाण्यातले. आमचे काही अॅमेझॉनहून आलेले नाहीत, कुर्ल्याहून आलेत, पण रक्तातलं जात नाही. बाकीच्यांनी सोसलं. मनीने कोपरा धरला. खाणं तोंडात घ्यायची आणि थुंकायची. पंख अंगाला चिकटवून, डोकं खाली करून नुसती तरंगत राहायची. त्यात पाटीलने, म्हणजे आमच्या सगळ्यात थोराड माशाने, तिला ढुशा मारायला सुरुवात केली. दुबळा दिसला की डिस्कस आपल्यातल्याच एकाला असा छळतात. दिसायला काय राजबिंडे असतात, आणि वागणं हे.

मग एका सकाळी पांढरी चिकट दोरी दिसली, शेपटीमागे लांबलचक लोंबणारी. माशाची विष्ठा एवढी निरखून बघायची वेळ येईल असं लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर! पण त्या दोरीनेच निदान केलं. हेक्झामिटा. आतड्यातले परजीवी. धडधाकट डिस्कसच्याही पोटात थोडेफार असतात, उपद्रव करत नाहीत. मासा खचला की त्यांचं फावतं. आमच्या लेकाला, नमूला, लहानपणी जिआर्डिया झाला होता, त्याचेच हे भाऊबंद. औषधही तेच, मेट्रोनिडाझोल. ते घरात होतंच, सुधीरच्या अक्कलदाढेच्या वेळचं उरलेलं, तारीख बघून घेतलं. (म्हणजे त्याने काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. त्याने अक्कलदाढ काढून घेतली.)

तेव्हापासूनचं सगळं मी केलं. दोन फुटी टाकी माळ्यावरून काढली, मिठाने घासली. वाळू नाही, झाड नाही, फक्त स्पंज फिल्टर आणि हीटर. पाणी हळूहळू ३२ पर्यंत चढवलं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून दुसरा एअर पंप लावला, आणि त्याची घरघर रात्रभर उशाशी. साठ लिटरला ४०० मिलिग्रॅमची एक गोळी. ती विरघळता विरघळत नाही. खलबत्त्यात पूड करायची, कोमट पाण्यात कालवायची, तळाशी उरलेला साका पुन्हा कालवायचा. वास नाकात बसतो. रोज पहाटे तिसरा हिस्सा पाणी काढायचं, नवं घालायचं, तेवढ्यापुरतं औषध घालायचं. नवं पाणी म्हणजे नळाचं नव्हे. पावसाळ्यात डोंबिवलीत नळ सोडला की क्लोरीनचा भपकारा येतो. आदल्या दिवशी ड्रम भरायचा, क्लोरीन मारणारे हायपोचे खडे घालायचे, रात्रभर हवा सोडायची, सकाळी थर्मामीटर बुडवून दोन्ही पाण्यांचं तापमान जुळवायचं.

आणि तिला मोठ्या टाकीतून काढताना जाळी मीच धरली होती. ती जाळीत फडफडली, मी तळव्याने आधार दिला, तेव्हा तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर माझ्या हाताला लागला. त्या थरावर त्यांची पिल्लं वाढतात. अंड्यातून निघून पोहायला लागली की पहिले काही दिवस आईबापांच्या अंगाला चिकटून तोच थर खातात. आई दमली की अंगाला एक झटका देते आणि सगळी पिल्लं बापाच्या अंगावर जातात. मग तो दमला की परत झटका. आमच्याकडे तो झटका द्यायचा राहूनच गेला.

तर मनीच्या लेखी मी म्हणजे जाळी, सायफनची नळी, कडू पाणी. आणि सुधीर म्हणजे टकटक आणि खाऊ.

नमूचंही हेच होतं ना. ते औषध तेव्हा सिरपमधून यायचं, कडूजहर. माझ्या हातात बाटली दिसली की पोरगा पलंगाखाली. बाबा आला की त्याच्या खांद्यावर चढून माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याला विकायला निघालेय. आता रविवारी फोन करतो. रविवारीच.

आणि माई, माझ्या सासूबाई. इन्सुलिन मी टोचायची, साखर मी तपासायची, पथ्याचं ताट मी ठेवायची. माझी चाहूल लागली की डोळे मिटून घ्यायच्या. नीला महिन्यातून एकदा यायची, पिशवीत चोरून पेढे आणायची, की ह्या उठून बसलेल्या, वेणीफणी करून. नीलाच्या हाताला गुण आहे म्हणायच्या. शेवटच्या आठवड्यात एकदा मात्र त्यांनी माझा

जाऊ दे. मनीबद्दल लिहितेय.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले, मासे माणसं ओळखतात का. ओळखतात. २०१६ साली आर्चरफिशवरचा प्रयोग प्रसिद्ध झालाय. हे मासे तोंडातून पाण्याची पिचकारी मारून फांदीवरचे किडे पाडतात. त्यांना पडद्यावर माणसांचे चेहरे दाखवले, एक चेहरा ओळखायला शिकवला, आणि मग ४४ अनोळखी चेहऱ्यांच्या जोडीला ठेवला तरी ते बहुतेक वेळा बरोबर त्याच चेहऱ्यावर पिचकारी मारत होते. तो प्रयोग डिस्कसवर नव्हता. पण मला प्रयोगशाळेची गरज नाही, माझ्याकडे नऊ पट्टे आहेत. वाचून बरं वाटायला हवं होतं का? मनी मला विसरलेली नाही, तिला मी पक्की ठाऊक आहे, ह्यातच तर सगळं दुखणं आहे. ओळखत नसती तर मी एवढं मनाला लावून घेतलं असतं का?

मग मीही प्रयोग केला. हसू नये कोणी. संध्याकाळी सुधीर आंघोळीला गेल्यावर त्याचा चौकड्यांचा शर्ट घातला, केस वर बांधले आणि त्याच्यासारखीच जरा पाय फाकवून टाकीसमोर उभी राहिले. टकटक केली. काचेवर, मी, जी सगळ्यांना ओरडते!

मनी फिल्टरमागून अर्धी बाहेर आली. पट्टे फिके. एक डोळा माझ्याकडे लावून तिरकी तरंगत राहिली. पुढे आली, काचेपासून चार बोटांवर. तिचा कल्ला उघडमीट होताना दिसत होता, सावकाश, आजारात लावलेली ती धाप नाही. डोळ्याभोवतीचं लाल कडं पुन्हा लखलखीत झालंय, हेही तेव्हाच दिसलं. तिचा आजार सुरू झाल्यापासून मी तिला इतक्या जवळून, काहीही करायचं नसताना, बघितलंच नव्हतं. मी डबी उघडली. दोन ब्लडवर्म सोडले. एक खाल्ला.

मग माझ्या मनगटावरच्या बांगड्या वाजल्या आणि ती जी पळाली!

मागून सुधीर टॉवेल गुंडाळून उभा. म्हणाला, “तू मला फसवत होतीस की तिला?” आणि मग दोघं जे हसलो, शेजारच्या काकूंनी बेल वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं.

त्याला सांगितलं मी, सगळं नाही, पण बरंचसं. तो म्हणाला, मग उद्यापासून पाणी मी बदलतो, तू खायला घाल, आठवड्यात उलटं होईल. पाणी हा बदलणार! ह्याला दोन्ही थर्मामीटर जुळवायला दिले तर मनीचा रस्सा होईल. नको. खायला त्यानेच घालावं. त्याच्या हातून जातंय तर जाऊ दे पोटात, महिनाभर उपाशी असल्यासारखं कपाळ खोल गेलंय तिचं, ते भरून यायला हवं. लाडही त्यानेच करून घ्यावेत. मला काय, ती पोहताना लांबून दिसते सोफ्यावरून, चष्मा लावला की.

औषधाचा क्रम संपला. उद्या फिल्टरमध्ये कार्बन परत घालायचा, म्हणजे पाण्यात उरलेलं औषध निघून जाईल. ३२ वरून रोज एकेक अंश खाली. मोठ्या टाकीत एवढ्यात नाही सोडणार, पाटील टपूनच बसलाय. त्याच्यासाठी मध्ये एक जाळीचा पडदा शिवावा म्हणतेय.

बांगड्या काढून ठेवल्यात. शर्ट मुद्दामच धुवायला टाकलेला नाही.